शेजाऱ्याच्या खिडकीतली हवा


मनोरीतली जुनी कौलारू घरे आठवा. गरम हवा वर जाऊन कौलांच्या फटींतून निघून जायची, समोरून खाडीचा वारा यायचा. आता आपण स्लॅब टाकतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री घरात उष्णता सोडतो, मग एसी येतो. (बांधताना आम्हीही हा विचार केला नाही, हे कबूल.) एसी आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, वर विजेची भर घालून. अरुंद गल्लीत ती शेजाऱ्याच्या खिडकीत शिरते. तो पंख्यावर झोपणारा असेल तर? बिल आपण भरले म्हणून गारवा फक्त आपलाच झाला का?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात एसीच्या वाढत्या वापराचेच उदाहरण दिले. एसी लावणे पाप आहे, असे आम्ही म्हणत नाही. आजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना तो लागतोच. पण स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात, पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा, यांना खर्च थोडाच. २०२० पासून नवे एसी २४ अंशांवर सुरू होतात. १८ वर नेणारा हात आपला असतो. आणि बाहेरचे युनिट लावण्याआधी शेजाऱ्याला विचारायला दोन पावले पुरतात.