तिसऱ्या दिवशीची झाडलोट

बस खाली. मोबाईल खिशात घाल. अख्ख्या बाभुळगावात सांगत सुटलास म्हणे, की ससे हवा लागून मेले! अन् मला फोनवर काय म्हणालास? "सर, नशीबच फुटकं." नशिबाला मध्ये आणू नको. मेलेलं पिल्लू तुझ्यासमोर फाडलं, तेव्हा यकृत पाहिलंस ना? पांढरट-पिवळ्या गाठी होत्या. पित्तनलिकांत घर करणारा एकपेशीय परजीवी, आयमेरिया स्टिडी तो. फळ्यावर मीच लिहिलं होतं, तू खिडकीबाहेर पाहत होतास. लेव्हेनहुकला हे प्रकरण सशाच्या पित्तात १६७४ साली दिसलं, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वर्षी. तुला आज पिंजऱ्यासमोर उभं राहून दिसत नाही!

लेंड्या कधी काढतोस? तिसऱ्या दिवशी. वा रे पठ्ठ्या! ताज्या लेंडीतून पडणारी या परजीवीची अंडुकली कच्ची असतात, त्यांनी रोग होत नाही. ओल, ऊब अन् हवा मिळाली की दोन-तीन दिवसांत पिकतात, काही जातींची तर त्याआधीच. म्हणजे पिकायची मुदत तूच देतोस. वरून दवातली लसूणघास तशीच ओली खाली टाकतोस, त्याच लेंड्यांवर. बेंबळा धरणाचं पाणी वावरात आलं, म्हणून शेडातही चिखल पाहिजे का? अन् ससा पहाटे स्वतःची मऊ लेंडी खातो त्याला मात्र भ्यालास! ते त्याचं पोषण आहे लेका, ती थेट गुदातून घेतो, पिकायला वेळच मिळत नाही.

मग औषध कोणतं दिलंस? आयव्हरमेक्टिन! रोग रेड्याला अन् औषध पखालीला. ते खरजेच्या किड्यांवर चालतं, या एकपेशीयावर नाही. इथे सल्फाची औषधं किंवा टोल्ट्राझुरिल लागतं, तेही डॉक्टरांनी वजन पाहून ठरवलेलं, अन् वेळेवर. पोट नगाऱ्यासारखं फुगल्यावर धावून काय उपयोग? फेनाईल शिंपडलंस, तेही वाया. अंडुकलीच्या कवचाला फेनाईल पोचत नाही. उकळतं पाणी अन् कडक वाळवण पोचतं. आपल्या विदर्भात ऊन काय विकत आणावं लागतं? पण पिंजरे उन्हात कोण ओढणार, नाही का?

मोठ्या माद्या धडधाकट आहेत, असं म्हणू नको. त्याच गुपचूप अंडुकली टाकत राहतात, मरतात ती नुकती आईपासून तोडलेली पिल्लं. आणि कापलेल्या सशांची आतडी गावच्या कुत्र्यांना टाकणं आजपासून बंद. सशाच्या पोटातले टेनियाचे फोड कुत्र्यानं खाल्ले, की त्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. तेच कुत्रं तुझ्या घासात हगतं, अन् तो घास पुन्हा तुझेच ससे खातात.

उद्या औषधाच्या दुकानात जायचं नाही. आधी प्रत्येक पिंजऱ्याखालच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या डब्यांत भर, नंबर लिही, अन् पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली तपासून आण. घासासाठी भिंतीला जाळीची गव्हाण ठोक. अन् झाडू? तो आत्ताच उचल, मी इथेच बसलोय.