पाणी डोईवर

चि. छकुली,

परवा फोनवर तुझा आवाज बसल्यासारखा वाटला. तिकडच्या थंडीत ओल्या केसांनी बाहेर पडू नकोस गं. इकडे अंजिरं धरू लागलीत. तू असतीस तर पहिलं फळ तुझंच.

तू त्या अर्थतज्ज्ञ केट रॅवर्थबाईंच्या चित्राबद्दल सांगत होतीस. मेदुवड्यासारखी कडी. बाहेरची कड पृथ्वीला सोसेल तितकी, आतली माणसाला जगायला लागेल तितकी, आणि सगळ्यांनी त्या दोन्हींच्या मधे राहायचं. मला ते फार आवडलं. पण बोलता बोलता तू म्हणालीस, "आत्या, आता सगळ्यांनीच कमी वापरायला हवं," आणि त्या 'सगळ्यांनी'पाशी माझा जीव अडकला.

१९७२च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची, मी सुकडीच्या आशेनं तिच्यामागे. पाऊस सगळ्यांचाच गेला होता. तरी खोल विहीरवाल्याचा मळा हिरवा होता आणि आमच्या हंड्याचा तळ दिसत होता.

तेव्हाच विलासराव साळुंखे दुष्काळी कामावरची माणसं पाहून हलले. ते पुण्यातले इंजिनियर. आपल्या पुरंदरातल्या नायगावात देवस्थानची चाळीस एकर माळजमीन कराराने घेऊन पाणी अडवायला बसले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम तुझ्या आजोबांना पाठ होते. पाणी जमिनीवर नाही, डोईवर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, घराला फार तर अडीच एकर. ऊस बंद. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. आणि ज्याला जमीनच नाही, त्यालाही वाटा! पुढे सगळ्या योजना टिकल्या नाहीत, हे खरं. पण पाणी मोजकंच आहे हे मान्य करून त्यांनी आधी डोया मोजल्या, हे मी विसरलेले नाही.

तूही तुझ्या कामात, कुणी किती कमी वापरायचं ते ठरवताना, तसंच कर बाळा. धुराचा हिशेब देशाच्या नावावर लिहितात, पण एकाच देशात विमानानं फिरणारा असतो आणि चुलीपुढे डोळे पुसणारी असते. तिच्या घरी गॅस आला, दिवा लागला आणि कागदावरचा तिचा आकडा थोडा वाढला, तर तिथे हात आखडू नकोस. कापायचं ते वरून काप. हे बोलशील तेव्हा खोलीतली मोठी माणसं नाराज होतील. होऊ देत.

आणखी एक. शेजाऱ्यांनी चारशे फूट बोअर घेतलंय. तुझे बाबा म्हणतात, आपणही खोल जाऊ. मी नको म्हटलं, खालच्या वस्तीची विहीर आटेल. दोन दिवस घरात अबोला आहे. ते माझं नाही, तुझं ऐकतात. रविवारी फोन केलास की तूच विषय काढ.

मेतकूट पाठवलंय. भात मऊ शिजवून खा.

तुझी,
आत्या