पाऊल कोणाचे?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत शरीर ही कमावण्याची वस्तू आहे, ही श्रद्धा तालमींच्या तांबड्या मातीत मुरलेली आहे, आणि म्हणूनच उभी हयात जोर-बैठकांत घालवलेला एखादा वृद्ध मल्ल कंपवातामुळे घराच्या उंबरठ्यापाशी खिळून राहिला, की शेजारी सहज बोलून जातात, "अण्णा, जरा मन घट्ट करा की!" त्या बोलण्यात सद्भाव असतो, पण कर्तृत्वाविषयीची एक मोठी गैरसमजूतही असते.

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली ज्या कंपवाताचे साक्षेपी वर्णन केले, त्यात मेंदूतील डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी झिजत जातात आणि एरवी विचाराविना होणारे चालणे अडखळू लागते. इच्छा शाबूत असते. हुकूम सुटतो, तामिली मात्र होत नाही. आणि नवल असे की, सपाट जमिनीवर थिजणारा हाच मनुष्य कित्येकदा जिना बिनदिक्कत उतरतो! पुण्यातील आपल्या काकांच्या ठायी हे पाहून मिलेहा सोनेजी या डिझायनर तरुणीने जमिनीवर पायऱ्यांचा आभास देणारे चित्र अंथरले, आणि काका त्यावरून चालू लागले. फरशीवरच्या आडव्या रेघा, टाळीचा ठोका, मोठ्याने मोजलेली पावले ही व्यायामोपचाराची साधने याच जातीची.

सांख्यांनी पुरुष-प्रकृतीच्या संयोगाला पाहणारा पंगू आणि चालणारा अंध यांचा दृष्टांत दिला. कंपवातात पाहणारा व चालणारा एकाच देहात नांदत असूनही त्यांची गाठ एक परकी रेघ घालून देते. गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणे सांगतो, आणि कर्ता हे त्यांपैकी केवळ एक. अधिष्ठान, करणे, विविध चेष्टा आणि दैव ही उरलेली. निरोगी माणसात पाचांचा मेळ इतका बेमालूम असतो की, साऱ्या कारभाराची सनद आपल्याच नावची आहे असे अहंकाराला वाटते. कंपवात ती सनद खोटी ठरवतो. मात्र 'पूर्वकर्माचा भोग' म्हणून हात जोडून बसणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, दैवही त्या पाचांतले एकच आहे.

म्हणून अभ्यासाला जागा उरते. ट्रेडमिलवरील नियमित सरावाने चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी वाढते. मूळ विकार त्याने हटत नाही, औषध सुटत नाही, आणि सराव थांबला की कमाई ओसरू लागते. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांना नृत्य शिकवले, तेही याच वाटेने. आषाढीला कोल्हापुराहून नंदवाळला निघणाऱ्या दिंडीत टाळांच्या गजरावर पावली खेळणारा वारकरी तरी प्रत्येक पाऊल स्वतः कोठे ठरवतो?

रुग्णाचे पाऊल सवयीच्या अमलातून निघून अवधानाच्या अमलाखाली आलेले असते, आणि ते अवधान दुसरीकडे वळले की पाय थबकतात. तेव्हा रंकाळा तलावाकाठी त्याच्यासोबत फिरणाऱ्याने गावगप्पा बाकावर बसल्यावर माराव्यात.