मौना केआवर निघालेल्या नातीस

दहिवडी, ता. माण

चि. सोनीस,

तुझ्या बाबाने फोनवर सांगितलं की परीक्षा संपली की तू मैत्रिणींबरोबर हवाईला जाणार आहेस, आणि तिथल्या मोठ्या बेटावर मौना केआ नावाचा जो ज्वालामुखी आहे, त्याच्यावर नेऊन सूर्यास्त आणि चांदण्या दाखवणाऱ्या सहलीत स्वतः साठवलेल्या पैशांतून नाव घातलं आहेस. ऐकून फार बरं वाटलं. कॉलेजच्या ग्रंथालयात संध्याकाळी काम करून एकेक डॉलर बाजूला टाकणारी मुलगी ते पैसे आकाश बघायला खर्च करते, यात तुझ्या आजोबांचा वारसा आहे, आणि तारीखही तू अमावास्येजवळची निवडलीस हे तर त्यांना फारच आवडलं असतं. तू जपून राहशील, वाटाड्याचं ऐकशील, कुणाला त्रास देणार नाहीस, हे सगळं मी धरूनच चालते. मला काळजी लागते ती तुमच्या पिढीच्या घाईची, म्हणून हे पत्र. सावकाश वाच, एका बैठकीत संपलं नाही तरी चालेल.

आधी डोंगराविषयी. मौना केआ 4,207 मीटर उंच आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे अडीच कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी तो थोडा उरेलच. समुद्राच्या तळापासून मोजला तर तो 10,000 मीटरच्या वर जातो, पण त्यातला निम्म्याहून जास्त पाण्यात बुडालेला. त्याच्या पोटातली आग शेवटची बाहेर आली त्याला साधारण साडेचार हजार वर्षं झाली, तेव्हा तू भिऊ नकोस, आणि तुझ्या आईलाही तसं सांग. त्याच बेटावरचा किलावेया मात्र अजून जागा आहे.

आता गंमत बघ. वर जाताना रस्त्याच्या कडेला जो काळा-तांबडा दगड पसरलेला दिसेल, तो तुझ्या ओळखीचा आहे. आपल्या मळ्यात विहीर खणली तेव्हा सुरुंग लावून काढलेल्या दगडांचा ढीग बांधावर पडला होता, तो तुला आठवत असेल; वर मुरूम, मग काळा कातळ, मधेच एक विटकरी तांबडा थर, पुन्हा कातळ. त्या ढिगातून पांढऱ्या चकचकीत गारा असलेले दगड निवडून तू फ्रॉकच्या ओच्यात भरून आणायचीस. तो सगळा कातळ म्हणजे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या आसपास जमिनीच्या भेगांतून वाहून आलेला लाव्हा. एकावर एक थर चढत गेले, त्यांच्या मधल्या काळात माती तयार झाली, नव्या थराखाली ती भाजून तांबडी झाली, आणि त्या दगडांमधले बुडबुडे पुढे सावकाश गारांनी भरले. हवाईची बेटं जशी पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवर उभी राहिली, तसाच आपला दख्खनचा कातळ रीयुनियन बेटाखाली आज असलेल्या तप्त जागेतून आला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे तू परक्या डोंगरावर चाललेली नाहीस. शिखर शिंगणापूरचा डोंगरही त्याच जातीच्या दगडाचा, आणि शंभू महादेवाचं देऊळही त्याच दगडाचं.

आता घाईचं. त्या सहलीतली गाडी तुम्हाला समुद्रकाठावरून उचलते आणि दोनेक तासांच्या रस्त्यात चार हजार मीटरवर नेऊ शकते. गाडीला ते जमतं, बाळा, शरीराला जमत नाही. माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठाच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी येतो. डोकं दुखतं, मळमळतं, दोन पावलं भरभर टाकली की धाप लागते. म्हणून वाटेत सुमारे 2,800 मीटरवर एक केंद्र आहे तिथे निदान अर्धा तास थांबायला लावतात. ओनिझुका नाव आहे त्या केंद्राला, त्या बेटावर जन्मलेल्या अंतराळवीराचं, 1986 साली चॅलेंजर यानाच्या अपघातात जो गेला त्याचं. तिथे तुम्हा मुलींना वाटेल, अर्धा तास काय करायचं, चला की वर. तसं करू नकोस. गार पाण्याचे घोट घे, हलकं काहीतरी खा, एका जागी बस. आणि आदल्या दिवशी समुद्रात नळकांडं लावून खोल बुडी मारायचा बेत असेल तर तो सहलीच्या नंतर ठेव. खोल बुडी मारून चोवीस तास होण्याआधी त्या डोंगरावर चढणं जिवावर बेततं. डोकं फारच ठणकायला लागलं तर संकोच न करता वाटाड्याला सांगायचं आणि खाली उतरायचं. डोंगर कुठे जात नाही.

चैत्र शुद्ध द्वादशीला शिंगणापुरात मुंगी घाटाने कावडी चढतात, त्या तू लहानपणी बाबाच्या खांद्यावर बसून पाहिल्या आहेस. सासवडहून कऱ्हेचं पाणी घेऊन आलेली तेल्या भुत्याची ती भली मोठी कावड त्या उभ्या कड्यावरून माणसांच्या साखळीने वर जाते. बघणाऱ्याला वाटतं सगळा जोर दंडांचा आहे. पण नीट बघशील तर ती माणसं एक पाऊल चढतात, रोवतात, श्वास घेतात, महादेवाचा गजर करतात, आणि मग दुसरं पाऊल टाकतात. कुणी एकटा पुढे धावला तर कावड तिरकी होते. तुझे आजोबा सांगायचे, चढताना बोलता येत नसेल तर तू फार वेगाने चालली आहेस. ते माथ्यावर ध्यानात ठेव.

सूर्यास्ताच्या वेळी तुम्ही बहुतेक ढगांच्या वर असाल. हे मला फार नवलाचं वाटतं. आपल्या माणात ढग डोक्यावरून निघून जातात. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि इकडे जेमतेम पाचशेच्या आसपास, आणि तोही मनात आलं तर. तिथे समुद्रावरून येणारे ढग डोंगराच्या कमरेशीच अडतात आणि माथा कोरडा राहतो, म्हणून तर जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणी तिथे नेऊन बसवल्या. कोरडेपणाने आपल्याला घागरभर पाण्यासाठी किती चालवलं ते तुला ठाऊक आहे, पण त्याच कोरड्या हवेने आपल्याला उन्हाळ्याच्या रात्री अंगणात टाकलेल्या बाजेवरून लखलखीत तारेही दाखवले. दोन्ही एकाच हवेचं देणं, आणि मला ते दोन्ही मान्य आहे.

सगळे लोक सूर्याकडे तोंड करून फोन उंचावतील. तू सूर्य डोळे भरून बघ, आणि मग वळून पूर्वेला बघ. तिथे त्या डोंगराची सावली ढगांवर पडलेली असते, अगदी रेखीव त्रिकोण, सूर्य खाली जाईल तशी लांब लांब होत जाणारी. डोंगर काही एवढा टोकदार नाही, पण सावली इतकी दूरवर जाते की तिच्या कडा लांब जाणाऱ्या रस्त्याच्या कडांसारख्या जवळ येताना दिसतात. सूर्य बुडाला की त्या बाजूला क्षितिजावर निळसर राखाडी पट्टा वर यायला लागतो आणि त्याच्यावर गुलाबी कड असते. तो राखाडी पट्टा म्हणजे आपल्या पृथ्वीची सावली. इथेही निरभ्र संध्याकाळी शिखरावरून ती दिसते, फक्त देवळाकडे तोंड करून बसलेल्या माणसाला पाठ फिरवायचं सुचत नाही.

माथ्यावर चढणाऱ्यांना अंधार पडण्याच्या सुमारास खाली यावं लागतं, कारण गाड्यांचे दिवे दुर्बिणींना चालत नाहीत. त्यातल्या केक नावाच्या दोन जुळ्या दुर्बिणींचे आरसे दहा-दहा मीटरचे आहेत, आणि एवढा आरसा अखंड ओतता येत नाही म्हणून छत्तीस षट्‌कोनी तुकडे जोडून एकेक आरसा केला. मी ते चित्र पाहिलं तेव्हा मला आपल्या घरातली ठिगळांची गोधडीच आठवली. गोधडीवरून आठवलं, माथ्यावर मे महिन्यातही गोठवणारी थंडी असते. सहलवाले जाड कोट देतात ना ते विचारून घे, देत असतील तर नवा विकत घेऊ नकोस. आतून दोन स्वेटर आणि कानाला रुमाल पुरे.

चांदण्या दाखवतात त्या खालच्या केंद्राच्या आसपास. इथे पुन्हा धीर लागतो. डोळ्यांना अंधार नीट सरावायला वीस मिनिटं, अर्धा तास लागतो, आणि मधे कुणी एकदा फोनचा उजेड डोळ्यांवर मारला की सगळं पहिल्यापासून. वाटाडे तांबडा दिवा वापरतात तो याचसाठी. तू फोन बंद करून पिशवीत खोल ठेव, आणि मैत्रिणींनाही गोड बोलून ठेवायला लाव. आपल्या घरात शेवटचा माणूस खोलीतून निघाला की दिवा मालवायचा, ही सवय तुला लहानपणापासून आहे. त्या बेटावर तर दुर्बिणींसाठी रस्त्यावरचे दिवे मंद आणि झाकलेले ठेवायचा कायदाच केलेला आहे.

आणि वर काय दिसेल, ते तर मी इथे बसून सांगते. मौना केआ विषुववृत्तापासून उत्तरेला 19.8 अंशांवर आहे आणि आपलं माण साडेसतरा ते अठरा अंशांच्या मधे. छत्रपती संभाजीनगरचे अक्षांश जवळपास त्याच डोंगराचे. म्हणजे आकाश आपलंच. नऊच्या सुमाराला उत्तरेला सप्तर्षी उंच असतील. आपल्या घरी त्यांना म्हातारीचं बाजलं म्हणतात, चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर आणि मागचे तीन ती ओढून नेणारे चोर. त्या तीन चोरांची वळणदार रेघ तशीच पुढे नेलीस की एक तेजस्वी केशरी तारा लागेल, ती स्वाती, तेव्हा पूर्वेकडून माथ्याकडे चढत असलेली. रेघ आणखी पुढे गेली की पांढरीशुभ्र चित्रा. आग्नेयेला तांबूस ज्येष्ठा उगवून वर आलेली असेल. आणि दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम हातभर वर चार ताऱ्यांचा छोटा क्रूस, त्रिशंकू, जो इथूनही वैशाखात दिसतो आणि दिल्लीकडच्या लोकांना धड दिसत नाही.

स्वातीकडे जरा जास्त वेळ बघ. हवाईचे दर्यावर्दी तिला होकुलेआ म्हणतात. ती त्यांच्या बेटांवर बरोबर डोक्यावरून जाते, म्हणून दूर समुद्रातून परतताना ती माथ्यावर आली की घराच्या अक्षांशाला पोचलो हे त्यांना कळायचं. त्याच नावाचं दोन नावा जोडून केलेलं शिडाचं जहाज 1976 साली हवाईहून ताहितीला गेलं, होकायंत्राशिवाय, चार हजार किलोमीटर; मायक्रोनेशियातला माऊ पिआइलुग नावाचा नावाडी तारे, लाटा आणि वारा बघून ते नेत होता. हीच स्वाती माणातही जवळजवळ डोक्यावरून जाते. मेंढरं घेऊन चारणीला गेलेले आपले धनगर अशाच ताऱ्यांवरून रात्र किती सरली ते ओळखत आले.

तो डोंगर तिथल्या लोकांचा देव आहे, हेही मनात असू दे. तिथे आणखी एक प्रचंड दुर्बीण, तीस मीटर आरशाची, बांधायचं ठरलं तेव्हा हवाईची वयस्क माणसं रस्त्यावर बसली, 2019 साली त्यांना अटकही झाली. त्या दुर्बिणीत आपला भारतही भागीदार आहे, पुण्याची आयुका संस्थाही. मला विज्ञानाचं प्रेम आहे आणि त्या म्हाताऱ्या माणसांचं दुःखही कळतं, कारण शंभू महादेवाच्या माथ्यावर कुणी न विचारता काही बांधायला लागलं तर मीही जाऊन बसेन. तू तिथे आवाज खाली ठेव, ठरवून दिलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नकोस, आणि एकही दगड उचलू नकोस. इथल्या बांधावर पुष्कळ आहेत.

एक राहिलं. आकाशगंगा संध्याकाळच्या सहलीत बहुतेक दिसणार नाही. मे महिन्यात ती रात्री उशिरा वर येते आणि पहाटे तीनच्या सुमाराला दक्षिणेला झळाळते. मैत्रिणी झोपल्या असतील. तू लवकर उठणारी आहेस, दुसऱ्या दिवशी मुक्कामाच्या जवळच्या अंधाऱ्या किनाऱ्यावर जा, पण एकटी नको, एखादीला तरी उठव.

आणि माझ्यासाठी एवढं कर. हात सरळ लांब धरून मूठ मिट, एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. उत्तरेला क्षितिजापासून ध्रुवापर्यंत किती मुठी होतात ते मोज. मी इथे गच्चीवरून मोजलं तर पावणेदोन भरतात. तुझ्याकडे दोन व्हायला हव्यात. तू रात्री साडेआठला मोजशील तेव्हा इथे दुसऱ्या दिवशीचे दुपारचे बारा वाजलेले असतील, मी भाकरी थापत असेन, तरी फोन कर. घंटा वाजू दे थोडा वेळ, हात धुऊन यायला मला वेळ लागतो.

तुझी,
आजी