उतरलेलें वस्त्र आणि बदललेलें वस्त्र

लग्नसराई जवळ आली म्हणजे आमच्या जिल्ह्यांतील गरीब घरांत कापडाची चिंता सुरू होते. लग्न म्हटलें कीं आहेर आला, आहेर म्हटला कीं लुगडीं-खण आले, आणि त्यांच्यामागून दुकानदाराची उधारी किंवा ऊंसतोडीच्या मुकादमाची उचल आली. अशा वेळीं दोघीचौघी मैत्रिणींनीं पेटींत पडून राहिलेलीं आपलीं चांगलीं वस्त्रें एकमेकींत बदलून घ्यावीं व पैसा वांचवावा, असें कोणीं सुचविलें तर त्यांत वावगें कांहीं दिसत नाहीं. तरी पुष्कळ घरीं ही गोष्ट काढतांच कपाळास आठी पडते. "आम्हीं दुसऱ्याचें उतरलेलें नेसावें काय?" असा प्रश्न येतो. या प्रश्नास हंसून उडवून देणें बरें नव्हे. त्याच्या मुळाशीं जुनें दुःख आहे.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या पूर्वजांस गांवगाड्यांत राबण्याबद्दल काय मिळत असे? उरलेली भाकर, घरधन्याचें जुनेर आणि मढ्यावरील कापड. चांडाळानें प्रेताचीं वस्त्रें वापरावीं, असें मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत सांगितलेलेंच होतें. असें वस्त्र थंडीवाऱ्यापासून अंग राखी, पण तें घालणारा कोण आहे हेंही तें साऱ्या गांवास सांगे. डॉ. आंबेडकरांनीं १९२७ सालच्या डिसेंबरांत महाड येथें स्त्रियांपुढें भाषण केलें. तेव्हां लुगडें नेसण्याची रीत बदला व जातीची खूण दाखविणारे दागिने टाकून द्या, असें त्यांनीं आवर्जून सांगितलें. वस्त्राचा मानाशीं किती निकट संबंध आहे हें ते जाणून होते. ज्या घरानें हें सर्व सोसलें, त्यास नवें कापड घेण्याची हौस फार असली तर तिला नुसता डौल म्हणणें अन्यायाचें होईल.

तर मग जुनें वस्त्र घेण्यांतच हीनपणा आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. थोरल्या भावाचा सदरा आंखूड झाला म्हणजे धाकटा तो घालतो. त्यास कोणी हलका म्हणत नाहीं, कारण दोघेही एका ताटांत जेवतात. बोहारीण दारीं येते, जुनीं लुगडीं चाळून पाहते, घासाघीस करते आणि भांडें देऊन तीं घेऊन जाते. तिलाही कोणी भिकारीण म्हणत नाहीं, कारण ती मोल देते व न पटल्यास पाटी उचलून चालू लागते. आहेराची साडी तर घडीसुद्धां न मोडतां या लग्नांतून त्या लग्नांत फिरत असते. ती कितव्या हातांतून आली हें विचारावयाचें नाहीं असा जणूं सर्वांचा संकेतच आहे! यावरून दोष जुनेपणांत नाहीं हें उघड होतें. जुनेर लाजिरवाणें झालें तें एवढ्याचसाठीं कीं तें वरून खालींच येई. देणाराच निवड करी. घेणाऱ्यास "नको" म्हणण्याची सोय नव्हती. आणि त्यानें धुऊन आणलेलें वस्त्र देणारा आपल्या अंगास कधीं लावून घेता ना.

म्हणून आम्ही ही कसोटी सुचवितों: ज्याला मी आपलें वस्त्र देतों, त्याचें वस्त्र मी घालीन काय? उत्तर "होय" असेल तर ती अदलाबदल. "नाहीं" असेल तर तें जुनेर, मग कापड कितीही भारी असो.

मोठमोठ्या लोकांनींही संकटांत हा मार्ग धरिला आहे. इंग्लंडांत १९४१ पासून १९४९ पर्यंत कपडे मोजून मिळत. त्या काळांत स्त्रियांच्या एका स्वयंसेवक संघानें लहान मुलांच्या कपड्यांचे बदलीचे अड्डे काढिले. आया मुलांस आंखूड झालेले कपडे आणीत व दुसऱ्या मुलांचे मोठे कपडे नेत. आपल्या देशांत अंशू गुप्ता यांनीं १९९९ सालीं दिल्लीस 'गूंज' ही संस्था स्थापिली. शहरांतील वापरलेले कपडे ती खेड्यांत नेते, पण भिक्षा म्हणून वांटीत नाहीं. गांवकरी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या श्रमाबद्दल कपडे घेतात. घेणाऱ्याची मान ताठ राहावी हा त्यांतील हेतु आहे.

आतां दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली अशी कीं बदल करण्यास कांहीं तरी जवळ असावें लागतें, आणि ज्या घरीं बदलण्याजोगें एकही वस्त्र नाहीं तेथील बाई अशा बैठकीस येणारच नाहीं. तिची शिलाई, तिनें घातलेली गोधडी, तिच्या शेळीचें दूध, हेंही बदल्यांत धरावें. तेंही तिचेंच देणें आहे. दुसरी अशी कीं फुकट मिळतें म्हणून हौस वाढूं नये. दर महिन्यास नवा रंग पाहिजे असें वाटूं लागलें, तर पैसा वांचला तरी मन उधळें झालें.

बंधुभगिनींनो, येत्या जूनमध्यें शाळा उघडण्यापूर्वीं आपल्या वस्तींत हा प्रयत्न करून पाहा. जें फाटलें असेल तें शिवून, मळलें असेल तें धुऊन आणावें. जें आपण स्वतः घालणार नाहीं तें आणूं नये. आणि एक गोष्ट फार जपावी. पुढें देवळांत किंवा बाजारांत तें वस्त्र दुसऱ्याच्या अंगावर दिसलें, तर "हें माझें होतें" असें तोंडांतून काढूं नये. तें आतां त्याचें आहे. एवढें मौन ज्यास साधेल त्यानें आपल्या शेजाऱ्यास कापडापेक्षां मोठी वस्तु दिली असें आम्ही समजूं.