पेट स्कॅनचा हट्ट सोड

चि. मनू हिस,


वहिनीचं स्तनाच्या कॅन्सरचं रेडिएशन संपलं, देवाची कृपा. दर वर्षी तिचा सगळ्या अंगाचा पेट स्कॅन करायचा, असं तू म्हणतेस. तुझी तळमळ कळते मला, तरी सांगते, नको करूस.

इटलीत हा प्रश्न नीट तपासला गेलाय. एका अभ्यासात अशा उपचार झालेल्या १,३२० बायका होत्या, दुसऱ्यात १,२४३. काहींच्या हाडांचे स्कॅन आणि छातीचे एक्स-रे नेमाने काढले, बाकीच्यांची डॉक्टरी तपासणी आणि मॅमोग्राफीच केली. १९९४ साली निष्कर्ष आले. जास्त तपासण्यांनी कुणाचं आयुष्य वाढलं नव्हतं. पेटचा वापर नंतर वाढला, पण काही त्रास नसताना तोही नेमाने करायला सांगत नाहीत. साधी सूजही त्यात चमकते. मग बायोप्सी, आणि रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला झोप नाही.

मॅमोग्राफी मात्र दर वर्षी हवीच. राखलेल्या स्तनात किंवा दुसऱ्या बाजूला नवी गाठ आली आणि वेळेत सापडली, तर ती बरी होऊ शकते. रेडिएशननंतर निदान सहा महिने थांबायचं, तोवर सूज असते. माझी सगळी नोकरी मॅमोग्राफीच्या मशीनपाशी गेली, म्हणून सांगते: जुन्या फिल्म न्यायच्याच, नुसता रिपोर्ट नव्हे. ऑपरेशनचा व्रण आक्रसतोय की जाड होतोय, हे जुनं-नवं शेजारी लावल्यावरच कळतं. त्या दिवशी काखेत पावडर, डिओ नको. त्याचे कण पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात आणि उगाच संशय येतो. ऑपरेशनच्या बाजूला प्लेटचा दाब दुखतो, ते टेक्निशियनला आधीच सांगावं, ती बेताने दाबते.

पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायचं. पण वहिनी दुखणं अंगावर काढणारी. हाडातलं दुखणं हटेना, खोकला राहिला, धाप लागली, व्रणाशी किंवा काखेत गाठ लागली, टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असताना पाळी गेल्यावरही अंगावरून रक्त गेलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. तेव्हा डॉक्टर सांगतील तो स्कॅन लगेच करायचा, पैशांकडे बघायचं नाही.

पहिल्या मॅमोग्राफीची तारीख डॉक्टरांना विचारून मला कळव. मी सोबत येईन.

तुझी,
आत्या