दुसरे स्वयंवर

नल-दमयंतीची कथा महाभारताच्या वनपर्वात येते. द्यूतात राज्य घालवून बसलेला युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो, माझ्याहून दुर्दैवी राजा कोणी झाला आहे का. त्यावर ऋषी ही कथा सांगतात. निषधाचा राजा नल आणि विदर्भराज भीमाची कन्या दमयंती यांचे प्रेम हंसाने जुळवले. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नलाचेच रूप घेऊन बसले, तरी दमयंतीने नेमका माणूस निवडला, कारण देवांना घाम येत नव्हता, त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या आणि पाय जमिनीला टेकत नव्हते. मराठी वाचकाला कथा इथवर ठाऊक असते, ती बरीचशी रघुनाथ पंडितांच्या हंसामुळे. त्यांचे आख्यान स्वयंवराभोवतीच गुंफलेले आहे. श्रीहर्षाचे संस्कृत ‘नैषधीयचरित’ तर बावीस सर्ग चालते आणि द्यूताच्या आधीच थांबते. विद्वान कवींना पहिले स्वयंवर आवडले. कथेचा कस मात्र दुसऱ्या स्वयंवरात लागतो.

अद्भुत आणि पौराणिक दूरचित्रवाणी मालिकांनी दुसऱ्या संधीबद्दल एक सोपी समजूत घरोघर रुजवली आहे. नायक नायिकेला टाकतो तेव्हा त्याच्या अंगात कोणी शिरलेले असते, किंवा त्याची स्मृती गेलेली असते. ते संकट टळले की प्रेम होते तसे होते आणि नायिका डोळे पुसून हसते. या समजुतीला आधार म्हणून नलाकडे बोट दाखवले जाते: त्याच्या अंगात कली होता आणि पतिव्रता दमयंतीने त्याला क्षमा केली. हा आधार टिकत नाही. कथेतली दमयंती क्षमा करण्याआधी तपास करते, आणि तो तपासच या कथेतले सर्वांत मोलाचे प्रकरण आहे.

नलाच्या पडझडीचे टप्पे थोडक्यात असे. कली बारा वर्षे संधीची वाट पाहतो आणि नल पाय न धुता संध्येला बसतो त्या दिवशी त्याच्या अंगात शिरतो. भाऊ पुष्कर फाशांत सर्वस्व जिंकतो आणि शेवटी दमयंतीला पणाला लाव म्हणतो. नल उत्तर न देता अंगावरचे दागिने उतरवतो आणि बाहेर पडतो. वनात पक्षी त्याचे वस्त्र घेऊन उडतात. दोघांत एकच वस्त्र उरते. दमयंती झोपलेली असताना नल तलवारीने ते अर्धे कापून घेतो आणि निघून जातो.

याच कथेवर गुजराती कवी प्रेमानंदाने ‘नळाख्यान’ रचले. आपल्या आख्यानाची नोंद तो स्वतःच करून ठेवतो: मुहूर्त सुरतेत केला, पूर्णता नंदुरबारला झाली, विक्रम संवत १७४२, म्हणजे इसवी सन १६८५-८६ चा हिवाळा. शिवाजी महाराजांच्या सुरतेवरील १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांना तेव्हा फार वर्षे लोटली नव्हती. सुरत ते नंदुरबार ही वाट आज तापी खोऱ्यातल्या रेल्वेची आहे. सुरतेच्या उधना आणि लिंबायत भागांत स्थिरावलेली खानदेशी कुटुंबे याच वाटेने उलट दिशेने आली. प्रेमानंद माणभट्ट होता. माण म्हणजे मोठे धातूचे मडके. बोटांतल्या अंगठ्यांनी त्यावर ताल धरायचा आणि श्रोत्यांसमोर रात्रीच्या रात्री आख्यान लावायचे. त्याचा श्रोता गावातला साधा माणूस होता. त्या माणसासाठी त्याने मूळ कथेत दोन प्रसंग रंगवले, आणि दोन्ही आळाचे आहेत.

पहिला प्रसंग माशांचा. उपाशी नल मासे पकडून दमयंतीच्या हाती देतो. तिच्या हातांत अमृत आहे. स्पर्शाने मासे जिवंत होतात आणि पाण्यात निसटतात. नल परत येऊन पाहतो तर हात रिकामे. हिनेच एकटीने खाल्ले, असे त्याला वाटते. दुसऱ्या प्रसंगात परक्या राजवाड्यात राहिलेल्या दमयंतीवर राजकन्येचा हार चोरल्याचा आळ येतो; हार गिळलेला असतो खुंटीने, कारण खुंटीत कली बसलेला असतो.

व्यासांचा नल मनात धरून वाचणाऱ्याला माशांचा प्रसंग हलका वाटतो, आणि प्रथमदर्शनी तसे वाटणे साहजिक आहे. महाभारतातला नल बायकोला टाकतो, तेव्हा आपण दूर झालो तर ही माहेरी जाईल, असा विचार तरी त्याच्या मनात असतो. प्रेमानंदाचा नल घासाच्या हिशोबावरून बायकोवर संशय घेतो. राजाला हे शोभत नाही. पण प्रसंग पुन्हा वाचला की हे मत बदलावे लागते. उपासमारीत घर मोडते ते अशाच हिशोबावरून: कोणी किती खाल्ले, कोणी काय लपवले. दमयंती खरे सांगते, आणि मासे जिवंत होऊन पळाले हे खरे कोणालाही थापच वाटेल. तिच्या हातातले वरदानच तिच्याविरुद्ध पुरावा ठरते. कलीने नलाला फसवले असे व्यास सांगतात. माणूस फसतो कसा, ते प्रेमानंद दाखवतो. त्यामुळे त्याच्या आख्यानात परतीची वाट जास्त अवघड होते. टाकून दिलेल्या माणसाची समजूत घालता येते, पण ‘तू चोरून खाल्लेस’ हे वाक्य पुसले जात नाही.

विश्वास म्हणजे डोळे मिटणे, हा अर्थ या कथेत नाही आणि सुरतेच्या व्यवहारातही नाही. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात कागदाची घडी घातलेली पुडी, तिथल्या बोलीत पडीकुं, एका हातातून दुसऱ्या हातात जाते ती जांगडवर: माल विकलेला नसतो, दाखवायला दिलेला असतो, पसंत पडला तर पैसे, नाहीतर माल परत. हा सगळा भरोशाचा कारभार आहे. तरीही पुडी देताना वजन होते, परत घेताना पुन्हा होते, आणि काट्यावर ठेवल्याबद्दल कोणी कोणावर रुसत नाही. ‘हुंडी’ हे नरसी मेहतांवरचे आख्यानही याच प्रेमानंदाचे. उधारीवर चालणारा बाजार त्याला परका नव्हता.

दमयंतीचा तपास तसाच काट्याचा आहे. माहेरी पोचल्यावर ती ब्राह्मणांकरवी देशोदेशी एक प्रश्न पाठवते: अर्धे वस्त्र कापून नेणारा तो कुठे आहे? अयोध्येला ऋतुपर्णाच्या पदरी असलेला बाहुक नावाचा कुरूप सारथी या प्रश्नाला एकांतात उत्तर देतो. तेवढ्यावर ती विसंबत नाही. वडिलांना पत्ता लागू न देता ती फक्त अयोध्येला निरोप धाडते की उद्या सूर्योदयाला दमयंती दुसरा पती वरणार आहे. शंभर योजने एका दिवसात घोड्यांवर कापणारा पृथ्वीवर एकच आहे, हे तिला पक्के ठाऊक असते. रथ येतो, आणि ऋतुपर्णाला विदर्भाच्या राजधानीत, कुंडिनपुरात, स्वयंवराची काहीच तयारी दिसत नाही. मग केशिनी दासी बाहुकावर नजर ठेवते. रिकामी भांडी त्याच्या दृष्टीने पाण्याने भरतात, गवताची काडी उन्हात धरली की पेटते. दमयंती त्याने शिजवलेले मांस मागवून चाखते. ती चव तिच्या ओळखीची असते. शेवटी ती दोन्ही मुलांना त्याच्याकडे पाठवते, आणि तो त्यांना पोटाशी धरून रडतो.

एव्हाना बाहुक झालेल्या नलाच्या अंगातून कली निघून गेलेला असतो. वाटेत बिभीतकाच्या झाडापाशी, ऋतुपर्णाकडून अक्षविद्या मिळताच, तो बाहेर पडतो. दमयंतीला याची वार्ताही नसते. म्हणजे तिने दिलेली संधी कलीच्या निघून जाण्यावर अवलंबून नाही.

इथपर्यंत दमयंतीची बाजू निर्विवाद आहे. भेटीच्या क्षणी मात्र काटा एका बाजूला झुकतो. झोपलेल्या निरपराध बायकोला टाकून जाणारा धर्मज्ञ पुरुष कुठे पाहिला आहेस का, असे ती विचारते. तो कलीवर ढकलतो आणि उलट दुसऱ्या स्वयंवराचा जाब तिलाच विचारतो. शपथ तिला घ्यावी लागते. वायू साक्ष देतो तो तिच्या शुद्धतेची. त्याच्या तीन वर्षांची साक्ष कोणी मागत नाही. तिच्या तपासातही उणीव आहेच: हा नलच आहे का, एवढे त्यातून कळते, हा पुन्हा तसे वागणार नाही, हे कळत नाही. क्षमेची कथा म्हणून जे हिला गौरवतात, त्यांनी पुढचा अध्याय वाचायला हवा. नल निषधाला परततो, पुष्कराला पुन्हा फाशांचे आव्हान देतो, आणि मिळवलेल्या धनासोबत दमयंतीलाही पणाला लावतो. सर्वस्व हरत असताना जे त्याने केले नव्हते, ते कली अंगात नसताना, अक्षविद्या हाती असताना तो करतो. दमयंती तेव्हा कुंडिनपुरात असते. तिला विचारल्याचा उल्लेख नाही.

एका डावात नल जिंकतो. दमयंती आता आपली सेवा करील, अशी बढाई मारणाऱ्या पुष्कराला तो जीवदान देतो, त्याचा वाटा परत करतो आणि दमयंतीला सन्मानाने घरी आणतो. हे सारे ज्याला सांगितले जात आहे त्या युधिष्ठिराने द्रौपदीला पणाला लावलेले असते, आणि ती त्याच वनात त्याच्याबरोबर असते. कथा संपवून बृहदश्व युधिष्ठिराला अक्षविद्या शिकवतात आणि निघून जातात.